कात्री लावणारा पाहुणा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात जंतूंचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण काळा आजार करणाऱ्या लीशमॅनिया या परजीवीचं डिझाइन वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना. (एन्झाइमला मराठीत 'विकर' म्हणतात, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना उशिराच कळतं. मी आपलं एन्झाइमच म्हणणार.)

विल्यम लीशमन आणि मद्रासमधले चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी १९०३ साली या जंतूचं वर्णन वेगवेगळं प्रसिद्ध केलं, म्हणून नाव लीशमॅनिया डोनोव्हानी. आपल्या देशात याचा सर्वांत जास्त त्रास बिहारने सोसला. रेंगाळणारा ताप, सुजलेली प्लीहा, खंगत जाणं. उपचार झाले नाहीत तर शंभरातले ९५ हून अधिक रोगी दगावतात.

सँडफ्लाय नावाची, डासाहूनही लहान माशी चावते आणि जंतू आत येतो. रक्तात पहारा तयारच असतो. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं परक्याला ओळखतात आणि त्याच्या अंगावर सी-३बी नावाचं लेबल चिकटवतात. त्यावर पुढची प्रथिनं जमतात आणि शेवटी जंतूच्या आवरणाला चक्क भोक पाडतात. खेळ खलास!

इथे जीपी-६३ कामाला येतं. जंतूच्या पृष्ठभागावर या एन्झाइमचे लाखो रेणू असतात. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा एक आयन, आणि काम एकच, प्रथिनं कापणं. ते सी-३बी कापून निष्क्रिय करतं, त्यामुळे भोक पाडणारी साखळी तिथेच तुटते. पण खरी गंमत पुढे आहे. कापलेला तुकडा गळून पडत नाही, चिकटूनच राहतो. आणि नेमका असाच तुकडा ओळखणारा रिसेप्टर महाभक्षक पेशींवर असतो. त्या जंतूला गिळतात, तेही फारसा आरडाओरडा न करता. जंतूला तर तिथेच राहायचं असतं! आत गेल्यावर तो शेपटी टाकून गोल होतो आणि वाढू लागतो. जीपी-६३ पेशीतल्या धोक्याच्या सिग्नलची साखळीही मंद करतं.

मला सर्वांत थक्क करतं ते हे, की सी-३बी असं कापणं ही आपल्या शरीराचीच पद्धत आहे. स्वतःच्या पेशींवर चुकून हल्ला होऊ नये म्हणून फॅक्टर-आय नावाचं आपलं एन्झाइम तेच करतं. म्हणजे चोराने कुलूप फोडलं नाही, घरमालकाचीच सवय उचलली.

मग जीपी-६३ काढून टाकलं तर? लीशमॅनिया मेजर या भाऊबंदावर हा प्रयोग झाला. जीन्स काढलेले जंतू कॉम्प्लिमेंटला सहज बळी पडू लागले. तरी उंदरांना जखमा झाल्याच, फक्त उशिरा. एकाच कात्रीवर सगळी भिस्त ठेवायला हा प्राणी आपल्यासारखा सबमिशनच्या आदल्या रात्री जागा होणारा नाही.

माणसांसाठी याची लस अजून बाजारात नाही. बांगलादेशने २०२३ साली या रोगाच्या निर्मूलनाचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळवलं, ते लवकर निदान, औषधं आणि घरोघरच्या फवारणीच्या जोरावर.