तवंग कोणत्या जहाजाचा?

आबिड्सच्या गर्दीत उभे राहून समुद्राचा विचार करणे विचित्रच. जवळात जवळचा किनारा इथून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. तरीही मुंबईच्या समुद्रात तेल सांडले तर ते कोणीकडे वाहील, याचे गणित आपल्याच शहरात, प्रगतीनगरच्या ‘इन्कॉइस’ या केंद्र सरकारच्या संस्थेत मांडले जाते. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या गणिताचे कुतूहल वाटले.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. तिथे तेल कोणाचे, हा प्रश्नच नव्हता. जहाज डोळ्यांसमोर कलंडले होते. अवघड गोष्ट निराळी. गोव्याच्या पुळणीवर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे येऊन पडतात. रापणीचे जाळे त्यांनी माखले, तर मच्छीमाराने जाब कोणाला विचारायचा? टाक्या धुऊन तेलकट पाणी सोडणारे जहाज केव्हाच निघून गेलेले असते.

इथे ए. आय. एस. उपयोगी पडते. मुळात ही यंत्रणा टक्कर टाळण्यासाठी निघाली. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टन व त्यापुढच्या जहाजांना ती २००४ अखेरपासून सक्तीची आहे. चालते जहाज दर काही सेकंदांनी आपला क्रमांक, स्थान, वेग व दिशा रेडिओवरून सांगत राहते. किनाऱ्यावरची केंद्रे आणि उपग्रह ते टिपून ठेवतात.

पण तिला तेल दिसत नाही. ते दिसते राडार-उपग्रहाला. तेलामुळे बारीक लाटा दबतात, पाणी गुळगुळीत होते, राडारच्या लहरी परत न येता पुढे निसटतात आणि चित्रात काळा डाग उमटतो. (वारा पडला तरी असाच डाग दिसतो, तेव्हा लगेच आरोळी ठोकू नये.)

आता दोन्ही जुळवू. तेल वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकते. प्रवाह वेगळा धरायचा. वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर सहा तासांत डाग जेमतेम साडेपाच किलोमीटर हलेल. तेवढ्यात १२ नॉटने जाणारे जहाज १३० किलोमीटर दूर पोचलेले असेल! म्हणून जहाजामागे न धावता डाग उलटा मागे न्यायचा आणि त्या वेळी त्या जागेवरून कोण गेले, ते नोंदीत पाहायचे.

अडचणी आहेतच. राडार-उपग्रह एकाच जागेवरून रोज जात नाही. पावसाळी वाऱ्यात लाटा इतक्या उसळतात की डाग त्यांत हरवतो, आणि गोळे येतात ते नेमके त्याच सुमारास. शिवाय कप्तानाने यंत्र बंद ठेवले तर? तरीही जहाजाचे लोखंड राडारमध्ये पांढऱ्या ठिपक्यासारखे चमकतेच. ठिपका आहे पण नोंद नाही, असे जहाज मला सर्वांत संशयास्पद वाटते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी डागातल्या तेलाचा रासायनिक ठसा जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी जुळवावा लागतो, आणि त्याकरिता ते जहाज पुढच्या बंदरात गाठावे लागते.