कडबाकुट्टी एकच, अनुदान मात्र वेगवेगळं: असं का?

इयत्ता : आठवी ते दहावी
विषय : गणित (शेकडेवारी), भूगोल, राज्यशास्त्र
वेळ : दोन तासिका



आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी दोन-चार जनावरं असतात. वैरण कापणं, धारा काढणं, शेण उचलणं यातलं काहीतरी करूनच ती शाळेत येतात. त्यांच्या घरात एक वाक्य नेहमी कानावर पडतं : "तिकडच्या जिल्ह्यात पाऊण टक्का सूट आहे म्हणे, आपल्याकडे काहीच नाही." 'पाऊण टक्का' म्हणजे खरं तर पंचाहत्तर टक्के! इथूनच पाठ सुरू करता येतो. अनुदान सगळीकडे सारखं का नसतं, त्यात न्याय किती आणि योगायोग किती, आणि जास्त टक्के म्हणजे नेहमी जास्त पैसे का, हे तीन प्रश्न आज आपण मुलांसमोर ठेवूया.

१. आधी यंत्र ओळखूया

उदाहरणासाठी कडबाकुट्टी यंत्र घेऊ. वैरण अख्खी टाकली तर जनावर पानं खातं आणि जाड बुडखे तुडवतं. तीच वैरण बारीक कापली की नासाडी कमी होते. वैरण विकत घेणाऱ्या घरात हा फरक थेट खिशाला जाणवतो.

आता मुलांना विचारा, तुमच्याकडे जनावराला काय घालतात? सोलापूर, मराठवाड्यात ज्वारीचा कडबा. कोल्हापूर, सांगलीकडे उसाचे वाढे. कोकणात भाताचा पेंढा. विदर्भात कुटार. फळ्यावर नकाशा काढून हे शब्द त्या त्या जागी लिहा. भाषेचा आणि भूगोलाचा पाठ एकत्रच होतो. शिवाय मुलांच्या लक्षात येतं की प्रत्येक भागाची गरज मुळातच वेगळी आहे. वाळलेला जाड कडबा कापायला मोटरवरचं यंत्र लागतं. भुसकट झालेल्या कुटाराला ते लागतच नाही.

२. अनुदान ठरवतं कोण?

मुलांना वाटतं, 'सरकार' म्हणजे एकच कुणीतरी. इथे फळ्यावर तीन पायऱ्या काढा.

पहिली पायरी, केंद्र. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. त्यात बहुतेक यंत्रांना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांसाठी ५० टक्के, तर इतरांसाठी ४० टक्के असा दर आहे. चारा कापायची यंत्रंही त्यात येतात. या योजनेत ईशान्येकडच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांच्या गटात धरलं आहे. केंद्र आणि राज्य मिळून खर्च करतात तेव्हा बहुतेक राज्यांसाठी वाटा ६०:४० असतो, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांसाठी ९०:१०. म्हणजे प्रदेश पाहून फरक करणं दिल्लीपासूनच सुरू होतं.

दुसरी पायरी, राज्य. पशुधन हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. त्यामुळे राज्य स्वतःच्या योजना काढू शकतं आणि त्या ठराविक जिल्ह्यांपुरत्याही ठेवू शकतं.

तिसरी पायरी, जिल्हा परिषद. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन हे विषय पंचायतींकडे देण्याजोगे म्हणून नोंदवले आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदा स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे सेस फंडातून, कडबाकुट्टी, मिल्किंग मशीन, रबरी मॅट अशा वस्तूंना अनुदान देतात. कुठल्या वर्षी कुठली वस्तू, किती टक्के आणि किती लाभार्थी, हे तिथेच ठरतं.

आणखी एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. एकाच यंत्रासाठी दारं दोन असू शकतात, एक कृषी विभागाचं आणि दुसरं पशुसंवर्धन विभागाचं. कृषीच्या दारात सातबारा लागतो. ज्यांच्याकडे जमीन नाही पण दोन म्हशी आहेत, त्यांनी पशुसंवर्धन विभागाकडे चौकशी करायला हवी. आणि घरात धारा काढणारी, वैरण घालणारी बाई असली तरी सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल, तर महिला म्हणून मिळणारा वाढीव दर तिच्यापर्यंत पोचत नाही. यावर वर्गात जरूर बोला. "तुमच्या घरी जनावरांचं काम कोण करतं आणि कागदावर नाव कुणाचं आहे?" हा प्रश्न मुलांना घरी विचारायला सांगा. त्यांची उत्तरं मात्र वर्गात जाहीर वाचू नका.

३. मुद्दाम केलेला फरक

विदर्भ आणि मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प हे याचं चांगलं उदाहरण. पहिल्या टप्प्यात ११ जिल्हे होते. दुसऱ्या टप्प्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यात विदर्भाचे ११ व मराठवाड्याचे ८ असे सगळे १९ जिल्हे घेतले. दुधाळ जनावरं, वैरण, पशुखाद्य यांच्याबरोबर विजेवरच्या कडबाकुट्टीला ५० टक्के अनुदान हा त्याचा एक भाग आहे. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांपैकी उरलेले १७ जिल्हे या प्रकल्पात नाहीत.

साताऱ्याचा मुलगा लगेच विचारेल, "सर, हा आमच्यावर अन्याय नाही का?" प्रश्न रास्त आहे, तो दाबू नका. उत्तरासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकासाकडे खास लक्ष देण्याचं ठरलं. घटनेच्या ३७१(२) कलमात स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली आणि १९९४ मध्ये अशी तीन मंडळं स्थापन झाली. त्याआधी १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला होता. पुढे विजय केळकर समितीनेही २०१३ च्या अहवालात याच असमतोलाचा विचार केला. 'अनुशेष' हा शब्द फळ्यावर लिहून समजावा : जे व्हायला हवं होतं पण झालं नाही, ते.

दुधाच्या बाबतीत हा अनुशेष स्पष्ट दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी दूध संघ १९६३ पासून आहे. गावोगाव संकलन, दर दहा दिवसांनी बिल, पशुखाद्य, डॉक्टर अशी घडी तिथे बसलेली आहे. जिथे ही घडी नाही तिथल्या शेतकऱ्याने तेच यंत्र पूर्ण किमतीत घेतलं, तर पैसे वसूल व्हायला त्याला जास्त वर्षं लागतील. म्हणून फरक. समान वाटणं आणि गरजेप्रमाणे वाटणं यातला भेद मुलांना इथे पटकन कळतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही दाखवा. २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेजखाली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुधाळ जनावरं दिली गेली. हेतू चांगला होता. पण वैरण आणि दुधाचं संकलन या दोन्हींची सोय नसलेल्या घरांना संकरित गाय सांभाळणं जड गेलं. त्या काळातल्या वर्तमानपत्रांतून हे लिहून आलं आहे. त्यामुळे मागास भागाला जास्त अनुदान देणं योग्य असलं तरी तेवढ्याने भागत नाही. दूध घेणारं कुणी नसेल तर यंत्र गोठ्यात गंजतं.

४. आपोआप पडलेला फरक

आता जिल्हा परिषदांकडे येऊ. एका जिल्ह्यात ७५ टक्के, शेजारच्या जिल्ह्यात ५० आणि तिसऱ्या ठिकाणी योजनाच नाही. यामागे कुठली समिती नाही की अनुशेषाची मोजणी नाही. जिल्हा परिषदेच्या उत्पन्नात जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा अशा गोष्टी येतात. मोठ्या शहराजवळच्या जिल्ह्यात जमिनींची खरेदी-विक्री जास्त, म्हणून हा वाटा जास्त. दूरच्या, डोंगराळ जिल्ह्यात तो कमी.

गंमत बघा. राज्याचा प्रकल्प मागास भागाला जास्त द्यायला बघतो, आणि सेस फंडाची रचना मात्र पैसेवाल्या जिल्ह्याला जास्त देऊन जाते. दोन्ही फरक प्रादेशिकच, पण एकाला कारण आहे आणि दुसऱ्याला फक्त तिजोरी. या पाठातून मुलांनी एवढी एक गोष्ट नेली तरी पुरे : फरक दिसला की लगेच 'अन्याय' म्हणायचं नाही आणि लगेच 'नियम आहे' म्हणून गप्पही बसायचं नाही. आधी विचारायचं, हा फरक कुणी ठरवला आणि कशासाठी?

५. गणित : ७५ टक्के मोठे की ५० टक्के?

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. अनुदानाचा नियम साधारण असा असतो : ठराविक टक्के किंवा कमाल मर्यादा, यापैकी जे कमी असेल ते.

योजना अ : ५० टक्के, कमाल २०,००० रुपये.
योजना ब : ७५ टक्के, कमाल १५,००० रुपये.

यंत्राची किंमत ३२,००० रुपये असेल तर :
अ मध्ये ३२,००० चे ५० टक्के = १६,०००. मर्यादेच्या आत. शेतकऱ्याचे स्वतःचे १६,०००.
ब मध्ये ३२,००० चे ७५ टक्के = २४,०००. पण मर्यादा १५,००० ची. शेतकऱ्याचे स्वतःचे १७,०००.

म्हणजे ७५ टक्केवाल्याला जास्त पैसे घालावे लागले! आता किंमत १८,००० धरा. अ मध्ये ९,००० मिळतात, ब मध्ये १३,५००. इथे ब फायद्याची. मग मुलांना विचारा, कोणत्या किमतीला दोन्ही योजना सारख्या? (उत्तर : ३०,००० रुपये, दोन्हींत १५,०००.) हुशार मुलांना आलेख काढायला द्या. रेषा कुठे आडवी होते ते पाहून 'मर्यादा' म्हणजे काय हे कायमचं लक्षात राहतं.

दुसरा हिशेब वेळेचा. बऱ्याच योजनांत आधी स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यायचं, बिल जोडायचं, तपासणी व्हायची आणि मग रक्कम बँक खात्यात येते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण ३२,००० हातात हवेत. ते कर्जाने काढले तर व्याज किती होईल? टक्के कागदावर सारखे असले तरी रोख पैसा नसलेल्या घराला ते कमीच पडतात.

६. पालकांसाठी चार गोष्टी

- पूर्वसंमती मिळायच्या आधी यंत्र विकत घेऊ नका. बिलावर आधीची तारीख असेल तर अनुदान हातचं जातं.
- नुसते टक्के विचारू नका. कमाल मर्यादा, लाभार्थी संख्या आणि शेवटची तारीख हेही विचारा.
- शेजारच्या जिल्ह्याची योजना आपल्याला लागू होत नाही. आपल्या पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आणि कृषी कार्यालयात, दोन्हीकडे चौकशी करा.
- कडबाकुट्टीत वैरण सारायला मुलांना बसवू नका. पात्यात बोटं जायला क्षण पुरतो. झाकण नसलेलं स्वस्त यंत्र घेऊ नका.

७. उपक्रम आणि प्रश्न

उपक्रम : गटाने पंचायत समितीच्या सूचनाफलकावरून एका योजनेची माहिती लिहून आणा : यंत्र, टक्के, मर्यादा, कागदपत्रं. ती कोणत्या पायरीवरची आहे ते ठरवा.

१) अनुशेष म्हणजे काय? तुमच्या तालुक्यातलं एक उदाहरण द्या.
२) यंत्राची किंमत २४,००० असेल तर योजना अ आणि ब मध्ये किती अनुदान मिळेल?
३) जिल्हा परिषदेचं उत्पन्न कमी असलेल्या जिल्ह्यात अनुदान वाढवायचं असेल तर पैसा कुठून यावा? दोन उपाय सुचवा.
४) तुम्ही जिल्हा परिषद सदस्य आहात. दहा यंत्रं आहेत आणि शंभर अर्ज आलेत. कुणाला द्याल, आणि उरलेल्या नव्वद जणांना कारण काय सांगाल?

चौथ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. गुण द्यायचे ते कारणाला.