व्हीएममधला लिनक्स छोटा दिसतोय? पाकीट काढण्याआधी

कपिलधार म्हटलं की लोकांना पावसाळ्यातला धबधबा आठवतो, नाहीतर कार्तिकी पौर्णिमेची मन्मथस्वामींची यात्रा. पण त्याच डोंगराच्या आजूबाजूच्या गावांतून, मांजरसुंबा, लिंबागणेश, नेकनूर इथून, बीडला डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करायला जाणारी पोरंपोरीही आहेत. अभ्यासक्रमात लिनक्स आलं की लॅपटॉपवरचं विंडोज तसंच ठेवायचं, आत एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम तयार करायचं आणि त्यात उबुंटू टाकायचं, हा सरधोपट मार्ग. उबुंटू चालू होतं, पण दिसते ती ८०० बाय ६०० ची चौकट, भोवती सगळा काळोख. खिडकी कितीही ताणा, आतलं चित्र तेवढंच राहतं.

मग लॅपटॉप दुकानात जातो. तिथं तीनपैकी एक उत्तर मिळतं: "रॅम कमी पडतीय", "ग्राफिक कार्ड लागंल" किंवा "ड्रायव्हरची सीडी टाकावी लागंल". पहिली दोन साफ चूक. तिसऱ्यात तथ्य आहे, पण ती सीडी फुकट असते आणि बहुतेक वेळा तुमच्याच लॅपटॉपवर आधीपासून येऊन पडलेली असते.

आधी रॅम आणि ग्राफिक कार्डाचा हिशेब मिटवून टाकू. पडद्यावरच्या एका ठिपक्याला ४ बाइट लागतात. साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. गुणाकार केला तर जेमतेम ४ एमबी होतात. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, धरलं तरी ८ एमबीच्या आसपास. व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला सुरुवातीलाच १६ एमबी व्हिडिओ मेमरी देतं आणि सेटिंगमधली पट्टी सरकवली की ती १२८ पर्यंत जाते. एवढ्यासाठी नवी रॅम घ्यायला सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. रॅम वाढवली तर व्हीएम पळेल जोरात, पण चौकट तेवढीच राहील.

खरं कारण वेगळं. व्हीएममधल्या लिनक्ससमोर खरा पडदा नसतोच. तुम्ही खिडकी मोठी केलीत, हे आतल्या लिनक्सला कुणीतरी कळवावं लागतं. हे निरोप्याचं काम करणारं छोटं सॉफ्टवेअर आत बसवलेलं नसलं, की लिनक्स आपलं सुरक्षित म्हणून एक लहान माप धरून बसतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये या निरोप्याचं नाव गेस्ट ॲडिशन्स, व्हीएमवेअरमध्ये ओपन-व्हीएम-टूल्स, तर केव्हीएममध्ये स्पाइस-व्हीडीएजंट. तिन्हींची किंमत शून्य.

व्हर्च्युअलबॉक्स असेल तर

जास्त जण हेच वापरतात, म्हणून इथं जरा थांबू. वरच्या व्ह्यू मेन्यूत 'ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले' ही ओळ शोधा. ती फिकट, दाबता न येणारी दिसत असेल तर रोगाचं निदान झालं: गेस्ट ॲडिशन्स नाहीत, किंवा आहेत पण चालत नाहीत. ओळ ठळक असेल आणि नुसती टिकमार्क राहिली असेल, तर काम एका क्लिकचं आहे.

बदल करण्याआधी स्नॅपशॉट घ्या. तोही फुकट, फक्त डिस्कवर थोडी जागा खातो. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी दमलेली असेल आणि काही बसवताना मध्येच सगळं बंद पडलं, तर स्नॅपशॉटवरून मागे जाता येतं.

मशीन बंद असताना सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जा. ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' असू द्या; लिनक्ससाठी तोच योग्य, 'व्हीबॉक्सएसव्हीजीए' विंडोजसाठी असतो. व्हिडिओ मेमरीची पट्टी शेवटापर्यंत न्या. थ्रीडी ॲक्सेलरेशनची टिक काढा. काही लॅपटॉपवर तिच्यापायीच पडदा काळा होतो. सगळं सुरळीत झाल्यावर हवी तर परत लावून बघा.

मग मशीन चालू करा. उबुंटू किंवा डेबियनच्या घराण्यातलं दुसरं काही असेल तर टर्मिनलमधून तीन पॅकेजं मागवायची: बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे हेडर्स. (नावं इथं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप इंग्रजीतच करायची.) त्यानंतर डिव्हायसेस मेन्यूतून 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज' निवडा, आत जी सीडी उमटेल ती चालवा आणि मशीन पुन्हा चालू करा. 'कर्नल हेडर्स सापडले नाहीत' असा संदेश आला तर सीडीला दोष देऊ नका. बहुतेकदा कर्नल अपडेट झालेलं असतं आणि मशीन त्यानंतर पुन्हा चालू केलेलं नसतं. आधी रीस्टार्ट करा, मग नव्या कर्नलचे हेडर्स मागवा.

सीडीचा खटाटोप टाळायचा असेल तर उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात 'व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११' नावाचं पॅकेज आहे. नवख्याला मी हेच सुचवीन. त्याची आवृत्ती तुमच्या व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा थोडी मागची असू शकते, पण पडदा मोठा करण्यापुरतं ते चालून जातं.

एक बारीक पण हमखास अडवणारी गोष्ट. ८०० बाय ६०० मध्ये लिनक्सची सेटिंगची खिडकी पडद्याखाली जाते आणि 'अप्लाय'चं बटण दिसतच नाही. अशा वेळी ऑल्ट आणि एफ७ दाबा, मग बाणांच्या कळांनी किंवा माउसने खिडकी वर सरकवा. एवढ्याशा बटणापायी लोक अख्खं उबुंटू पुन्हा टाकतात.

आकडे हाताने भरायचे असतील तर

जुन्या पद्धतीत सीव्हीटी आणि एक्सरँडर या दोन आज्ञांनी माप हाताने भरतात. त्यात गंमत अशी की सीव्हीटीला १३६६ बाय ७६८ सांगितलं तर उत्तर १३६८ बाय ७६८ येतं. तिला रुंदी आठच्या पटीत लागते आणि १३६६ ला आठने पूर्ण भाग जात नाही. दोन ठिपक्यांच्या फरकाने काही बिघडत नाही, पण पुढच्या आज्ञेत नाव १३६६ असं टाकलं की 'असं माप सापडत नाही' हे उत्तर येतं. सीव्हीटीने जे नाव छापलं, तेच जसंच्या तसं वापरायचं.

ही पद्धत आता निकालात निघत चालली आहे. उबुंटूने २१.०४ पासून वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था नेहमीची केली आणि वेलँडवर एक्सरँडरने माप बदलत नाही. लॉगिनच्या चाकातून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडायची सोय काही वर्षं होती, २५.१० मध्ये तीही गेली. तेव्हा जुन्या व्हिडिओत दाखवलेली आज्ञा तुमच्याकडे चालली नाही, तर चूक तुमचीच असेल असं नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो एके काळी विकत घ्यावं लागे. मे २०२४ मध्ये ते घरगुती वापराला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धंद्यासाठीही मोफत झालं. म्हणजे त्याची 'की' विकणाऱ्याला आज एक रुपयाही देण्याचं कारण नाही. आत लिनक्समध्ये ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप हे पॅकेज टाका. नावातलं 'डेस्कटॉप' विसरू नका, त्याच्याशिवाय पडदा ताणला जात नाही.

मुळात लिनक्सच असलेल्या लॅपटॉपवर व्हर्ट-मॅनेजरमधून केव्हीएम वापरत असाल तर आत स्पाइस-व्हीडीएजंट टाका आणि व्ह्यू मेन्यूत स्केल डिस्प्लेखाली खिडकीबरोबर माप बदलण्याची टिक लावा.

हायपर-व्ही हे विंडोजचं स्वतःचं, पण विंडोज होममध्ये ते मिळत नाही. त्यासाठी होमचं प्रो करून घ्या, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात काही हजार जातील आणि लिनक्सच्या पडद्याचा त्रास उलट वाढेल, कारण तिथं माप लिनक्सच्या ग्रबच्या फाइलमध्ये नाहीतर विंडोजच्या पॉवरशेलमधून हाताने लिहावं लागतं.

आणि प्रात्यक्षिकात फक्त आज्ञा चालवायच्या असतील, एलएस, ग्रेप, शेल स्क्रिप्ट एवढंच, तर व्हीएमचा घाटच कशाला? विंडोज १० आणि ११ वर, होम आवृत्तीतही, डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स, मोफत बसतं. पडद्याच्या मापाचा प्रश्नच उरत नाही आणि ६ जीबीच्या आसपासची उबुंटूची आयएसओ उतरवायचीही गरज नाही. गुरुजींनी व्हीएमच पाहिजे म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग खर्च कशाचा?

डेटाचा आणि जाण्यायेण्याचा. गेस्ट ॲडिशन्सची सीडी विंडोजवरच्या व्हर्च्युअलबॉक्सबरोबरच आलेली असते, तिला डेटा लागत नाही. वरच्या तीन पॅकेजांना साधारण १०० एमबीचा अंदाज धरा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते बसतं. उबुंटूची अख्खी आयएसओ नव्याने उतरवायची वेळ आली तर मात्र एका दिवसाचा कोटा पुरत नाही, वरून बूस्टर मारावे लागतात. म्हणून 'पुन्हा टाकून बघू' हा उपाय सगळ्यात महाग. टाकायचंच असेल तर आयएसओ कॉलेजच्या लॅबमधून पेनड्राइव्हवर आणा. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला कपिलधारच्या परिसरात मोठं डाउनलोड लावूच नका. दिंड्या आणि गाड्यांची गर्दी झाली की मोबाइलचं नेट तासन्‌तास रांगतं.

बीडला दुकानात जायचं तर कपिलधारपासून वीसेक किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा ६ किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. चार टप्पे धरले तर एका बाजूचे चाळीसेक रुपये, येऊन-जाऊन ऐंशीच्या घरात. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचं येणंजाणं चाळीसेकमध्ये होतं. पास असेल तर तेही वाचतात.

दुकानात विंडोज फॉरमॅट करून टाकायला साधारण ३०० ते ५०० रुपये मागतात. पडद्याचं काम माहीतगाराच्या हातून वीस मिनिटांचं आहे, तेव्हा माझ्या मते १०० ते २०० रुपये रास्त. त्याच्या वर मागितले तर विचारा, "दादा, नेमकं काय टाकणार?" उत्तरात गेस्ट ॲडिशन्स किंवा ओपन-व्हीएम-टूल्स हे शब्द आले, तर माणूस जाणकार आहे, पैसे द्या. "फॉरमॅट करूनच होईल" असं उत्तर आलं तर लॅपटॉप उचला. तुमचं विंडोज ठीक आहे, बिघाड आतल्या मशीनमध्ये आहे, आणि फॉरमॅटमध्ये अख्खी व्हीएम प्रात्यक्षिकांच्या फाइलींसकट जाते.

पावती मागा. वाद पेटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथं तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगातही ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. दीडशे रुपयांसाठी कुणी तिथवर जाणार नाही हे मलाही कळतं, पण फॉरमॅटमध्ये प्रोजेक्ट उडाला तर कागद हाताशी असलेला बरा.

'ऑनलाइन रिझोल्यूशन दुरुस्ती' अशा नावाने कुणी फोन करून ॲनीडेस्कचा कोड मागितला, तर तिथंच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लावा.

स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठी आवाजात आहेत, मोफत. थोडे जुने आहेत, पण टर्मिनलची भीती घालवायला पुरेसे.

क्लास चालवणाऱ्यांसाठी

मांजरसुंब्यात किंवा बीडला संगणकाचा क्लास असेल तर दोन गोष्टी वेगळ्या लागू होतात. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज आणि गेस्ट ॲडिशन्स मोकळे आहेत, पण 'एक्स्टेन्शन पॅक'चा परवाना वेगळा आहे. घरगुती आणि शैक्षणिक वापराला फुकट, धंद्याला नाही. खासगी क्लास यातल्या कशात मोडतो याची भानगड अंगावर घेण्यापेक्षा तो पॅक उतरवूच नका. पडद्यासाठी त्याची गरज नसते.

दुसरं, प्रत्येक मशीनवर तेच तेच करत बसू नका. एका व्हीएमचा पडदा नीट करा, तिला बंद करून फाइल मेन्यूतून 'एक्सपोर्ट अप्लायन्स' करा आणि निघालेली ओव्हीए फाइल बाकीच्यांवर इम्पोर्ट करा. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण ३०० ते ४०० रुपयांत मिळतो, तेवढाच काय तो खर्च. मात्र तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये येतात, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि उबुंटूची ओव्हीए सहसा त्याहून मोठीच निघते.