गोळी न घेता साइड इफेक्ट कसा कळतो?

प्रश्न : माझी मुलगी वेबसाइटचे स्क्रीन बनवते. ती म्हणते, ‘आमचा नवा कंपायलर कोड नुसता वाचून ओळखतो, कुठल्या फंक्शनला साइड इफेक्ट आहे ते.’ साइड इफेक्ट औषधाला असतो एवढं मला ठाऊक आहे. पण तो गोळी घेतल्यावर कळतो. कोड चालवण्याआधीच कसा कळतो?
— एक वाचक, वडाळा (प.)

उत्तर : आधी शब्दाचा घोळ मिटवू. प्रोग्रामिंगमधला साइड इफेक्ट म्हणजे दुष्परिणाम नव्हे. फंक्शनला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, काही विचारलं, त्याने उत्तर दिलं आणि जाता जाता बाहेरच्या कशाला तरी हात लावला, तर तो हात लावणं म्हणजे साइड इफेक्ट. समजा, पुढच्या लोकलची वेळ दाखवणारं एक फंक्शन आहे. त्याला स्टेशन, वेळापत्रक आणि घड्याळातली वेळ दिली की ते एक ओळ तयार करून देतं. याच गोष्टी दहादा द्या, दहाही वेळा तीच ओळ मिळेल. हे शुद्ध फंक्शन. आता कोणी त्यातच ‘ही ओळ किती वेळा दाखवली’ तो आकडा एकाने वाढवायची सूचना घुसवली. उत्तर तेच येतं, पण दर खेपेला बाहेर काहीतरी बदलतं.

यात बिघडलं काय? तुमच्या मुलीचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्राम, बहुधा रिअ‍ॅक्ट कंपायलर असावा. रिअ‍ॅक्ट हे वेबसाइटचे स्क्रीन बनवायचं साधन; त्याच्यासाठी मेटा कंपनीत तयार झालेल्या या कंपायलरची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्याचं काम आठवणीत ठेवण्याचं : दिलेली माहिती बदललेली नसेल तर फंक्शन पुन्हा चालवायचं नाही, मागचंच उत्तर वापरायचं. शुद्ध फंक्शनला याने काही फरक पडत नाही, स्क्रीन तेवढा चपळ होतो. पण आकडा वाढवणारं फंक्शन टाळलं, तर आकडा तिथेच थांबतो. म्हणून काम वाचवण्याआधी फंक्शनचं चारित्र्य तपासावं लागतं.

ही तपासणी कशी होते ते तुमच्याच स्टेशनवर उभं राहून पाहता येईल. वडाळा रोडला हार्बर लाइनला फाटा फुटतो : एक वाट किंग्ज सर्कलवरून माहीम-वांद्र्याकडे, दुसरी जीटीबी नगरवरून कुर्ला-पनवेलकडे. आता गाडीत न बसता फक्त नकाशा हातात घ्या. शिवडीहून आलेली हार्बरची गाडी दादरला थांबेल का? नाही, कारण दादर या मार्गावर नाहीच. ती किंग्ज सर्कलला जाईल का? जाऊ शकते. नेमकं कळायला गाडीवरचा फलक वाचायला हवा, आणि फलक नकाशात नसतो.

कंपायलरही कोडचा असाच नकाशा काढतो. ‘जर असं असेल तर’ म्हटलं की फाटा. अट खरी ठरेल की खोटी, हे प्रोग्राम चालतानाच कळणार, म्हणून तो दोन्ही वाटा धरतो. कुठल्याही एका वाटेवर बाहेरचं काही बदलणारी ओळ भेटली, की फंक्शन संशयित. नकाशाचं ‘नाही’ पक्कं असतं. त्याचं ‘हो’ म्हणजे फक्त ‘शक्य आहे’. वाटांवरून माहिती पुढे नेत जाण्याच्या या रीतीला, म्हणजे डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसला, गॅरी किल्डाल यांनी १९७३ मध्ये सर्वसाधारण गणिती रूप दिलं.

खरी डोकेदुखी नावांची. घरातला बाळ्या आणि ऑफिसातले कुलकर्णीसाहेब एकच असतात, तशी कोडमध्ये दोन नावं एकाच वस्तूला असू शकतात. एका नावाने वस्तू बदलली की दुसऱ्या नावाखालीही ती बदललेली सापडते. पण सगळेच बदल वाईट नसतात. फंक्शनने स्वतःच नवी यादी तयार केली आणि ती कोणाच्या हाती देण्याआधी तिच्यात चार नावं घातली, तर बाहेरच्याचं काही बिघडलं नाही. बाहेरून आलेल्या यादीत तीच चार नावं घातली तर मात्र गुन्हा. म्हणून वस्तू कुठे जन्मली, कोणाकोणाच्या हाती गेली, हे शोधत बसावं लागतं. या शास्त्राला आपल्या पवईतही घर आहे. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये निघाला.

मग हा कंपायलर कधीच चुकत नाही का? कोणत्याही प्रोग्रामच्या वागण्याबद्दल नेहमी अचूक ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणारं यंत्र बनू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केलं. तेव्हा प्रश्न उरतो तो कुठल्या बाजूने चुकायचं एवढाच. निर्दोष फंक्शनवर संशय घेतला तर स्क्रीन जरा मंद राहील. दोषीला सोडलं तर स्क्रीन खोटं दाखवेल. म्हणून रिअ‍ॅक्टचे शुद्धतेसारखे नियम मोडलेले दिसले, की हा कंपायलर त्या भागाला हात न लावता तो होता तसा ठेवतो.

तरी एक फट राहते. तो एका वेळी एकच फाइल वाचतो. आकडा वाढवणारी ओळ दुसऱ्या फाइलीतल्या फंक्शनात असेल तर ती त्याला दिसत नाही. तिथे प्रोग्रामरच्या शब्दावर विश्वास. यासाठी तुमची गोळीची तपासणीही कामी येते. रिअ‍ॅक्टमध्ये स्ट्रिक्ट मोड नावाची सोय आहे. वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी, बनवत असतानाच ही सोय प्रत्येक भाग मुद्दाम दोनदा चालवते. आकडा एकाऐवजी दोनने वाढला, की चोर सापडला.

मुलीला एवढंच सांगा : मोजणीची ओळ स्क्रीन तयार करणाऱ्या फंक्शनातून उचल आणि बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनात ठेव. तिथे आकडा हवा तेवढा वाढू दे. त्याला साइड इफेक्ट म्हणून कोणी अडवणार नाही.