मुदत संपलेला करार आणि नोटिशीचा हिशोब

नोकरीच्या लेखी कराराची मुदत उलटून गेली, किंवा मुळात त्या कागदावर कोणाची सहीच झाली नाही, तरी काम आणि पगार ही दोन्ही बहुधा पूर्वीसारखीच चालू राहतात. आणि अशा अवस्थेत नोकरी सोडणाऱ्याने किंवा माणसाला कामावरून काढणाऱ्याने किती दिवस आधी कळवावे, हा प्रश्न मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातील मराठी कुटुंबांना वेतन अडकल्यावरच सुचतो. नोकरी संपवण्याचा निर्णय कळवणे आणि ती प्रत्यक्षात संपणे यांच्यामधल्या या अवधीला नोटीस पिरियड म्हणतात, आणि तो न पाळणाऱ्याकडून तेवढ्या दिवसांच्या पगाराची मागणी होते.

या पट्ट्यातील मोहगावला तोंडी करार नवा नाही. कपाशीच्या आणि संत्र्याच्या या मुलखात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, गुढीपाडव्याला ठरत आला. किती रोख, किती धान्य, उचल किती, हे बोलण्यातच पक्के व्हायचे आणि पुढच्या पाडव्याला साल संपायचे. कागद नसला तरी शेवटचा दिवस मालकाला आणि गड्याला, दोघांनाही, वर्षभर आधी ठाऊक असल्यामुळे वेगळ्या नोटिशीची गरज पडत नसे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण उचल फिटेपर्यंत गड्याला अडकवून ठेवण्याची वाटही तीतूनच निघाली होती, आणि अशा अडवणुकीला वेठबिगारी ठरवून बंदी घालणारा कायदा 1976 साली करावा लागला. अडचण अशी की शब्दावर विसंबण्याची सवय शेतातून कारखान्यात, दुकानात आणि खाजगी शाळेत जशीच्या तशी आली, पण पाडव्यासारखा दोघांना मान्य असलेला दिवस तिथे कोणी ठरवला नाही.

त्यामुळे अनुभवात एकच साचा पुन्हा पुन्हा दिसतो. एखाद्याला वर्षभराच्या करारावर घेतले जाते, वर्ष संपते, नवा कागद कोणी देत नाही आणि मागतही नाही, हजेरी लागत राहते, पगार खात्यात जमा होत राहतो. पुढे नागपूरकडे बरी नोकरी मिळाली म्हणून तो आठवड्याभरात निघतो, तेव्हा जुन्या करारातील तीन महिन्यांच्या नोटिशीचे कलम पुढे करून त्याचा शेवटचा पगार आणि अनुभवाचे प्रमाणपत्र रोखले जाते. उलट, मालकालाच माणूस नको झाला की तोच करार केव्हाच संपलेला होता असे सांगून त्याला दुसऱ्या दिवसापासून न येण्याचा निरोप मिळतो. एकच कागद नोकरी सोडताना जिवंत आणि कामावरून काढताना मेलेला, असा हा सोयीचा व्यवहार आहे.

कायद्याची दृष्टी याहून सरळ आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावातील अटीप्रमाणे कृती केली किंवा त्याचा मोबदला स्वीकारला तरी प्रस्ताव मान्य केल्यासारखे होते, आणि शब्दांऐवजी वागण्यातून दिलेले वचन, ज्याला गर्भित वचन म्हणतात, तेही वचनच असते. म्हणून सही न केलेल्या नेमणूकपत्रावर जो रुजू झाला आणि महिनोन्‌महिने त्यातलाच पगार घेत राहिला, त्याला ते पत्र आपल्यावर बंधनकारकच नाही असे म्हणता येणे कठीण जाते. तसेच मुदतीनंतरही काम करून घेणाऱ्या मालकाला नोकरीच नव्हती असे म्हणता येत नाही. मात्र यावरून जुन्या कागदातील प्रत्येक कलम आपोआप पुढे चालू राहते असेही ठरत नाही. पगार, हुद्दा, कामाचे तास या गोष्टी रोजच्या वागण्यात दिसतात, तर तीन महिन्यांची नोटीस मुदतीनंतर कोणी कधी मागितली वा पाळली नसेल तर ती टिकली की नाही हे त्या त्या प्रकरणाच्या पुराव्यावर ठरते. आणि कोणतीच ठरलेली अट सिद्ध झाली नाही तर कामाचे स्वरूप, हुद्दा आणि पगार किती दिवसांनी मिळतो हे पाहून वाजवी अवधी धरला जातो.

करारावर अवलंबून नसलेले काही हक्क मात्र कायद्यानेच दिले आहेत. औद्योगिक कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस काम केले असेल तर त्याची कपात करताना, म्हणजे त्याला कामावरून कमी करताना, कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बंधनकारक केले होते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा नियम पुढे चालू ठेवला आहे. इथे दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. पहिली अशी की हे बंधन मालकावर आहे, राजीनामा देणाऱ्या कामगारावर नाही. त्याच्यावरचे बंधन करारातून किंवा मोठ्या कारखान्यांना लागू असलेल्या स्थायी आदेशांतून, म्हणजे नोकरीच्या प्रमाणित नियमावलीतून, येते. दुसरी अशी की ठरावीक मुदतीचा करार केवळ मुदत संपून थांबला तर ती कपात मानली जात नाही, म्हणूनच मुदतीनंतरही काम चालू होते हे दाखवणारा पुरावा कामगाराच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा असतो.

शिक्षकांनी यात वेगळी सावधगिरी बाळगावी, कारण गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या 1988 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नसल्याचे ठरवले. त्यामुळे दर सत्राला तोंडी बोलीवर शिकवणाऱ्यांना वरचा आधार मिळत नाही आणि नेमणूकपत्राचे महत्त्व त्यांच्यासाठी दुप्पट होते.

सीमाभागाचा एक गुंता बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तरी रोजगाराची ओढ नागपूरकडेच आहे. दुकाने व आस्थापनांचा मध्य प्रदेशाचा कायदा 1958 चा आहे, महाराष्ट्राचा 2017 चा, आणि लागू होतो तो कामाच्या ठिकाणाचा, राहत्या गावाचा नव्हे. म्हणून मोहगावात राहून नागपुरातील दुकानात काम करणाऱ्याने सौंसरच्या ओळखीच्या माणसाचा अनुभव स्वतःला जसाच्या तसा लावून घेऊ नये.

सही नसणे हे काही कवच नाही, आणि असलेली सही हलकी समजण्यातही शहाणपण नाही. विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. तरीही अशी अट मोडणाऱ्याकडून मागता येतात ते पैसेच. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला लावण्याचा हुकूम न्यायालय देत नाही, आणि कमावलेले वेतन ओलीस धरण्याचा अधिकारही मालकाला त्यातून मिळत नाही. वेतन संहितेनुसार राजीनामा दिला असो वा कामावरून काढले असो, देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळाले पाहिजे आणि त्यातून कपात करता येते ती कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठीच.

यावरून आचरणाचे जे काही निघते ते फार अवघड नाही. मुदत संपण्याच्या आधीच, पुढे कोणत्या अटींवर काम चालू राहणार असे एक ओळीचे पत्र किंवा ई-मेल पाठवावा, आणि उत्तर आले नाही तरी आपण विचारले होते याची नोंद राहू द्यावी. आता प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक असल्याने ते मागण्यात संकोच कसला? राजीनामा तोंडी देऊ नये. त्यावर तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस लिहून पोच घ्यावी, आणि अट संशयास्पद असली तरी शक्य असल्यास महिनाभराचा अवधी स्वतःहून द्यावा, कारण वाजवीपणाचा प्रश्न निघालाच तर तो महिना बोलतो. हजेरीचे पुरावे, पगारपत्रके, बँकेच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांच्या प्रती नोकरी चालू असतानाच घरी आणून ठेवाव्यात आणि नोकरी सुटल्यावरही किमान तीन वर्षे जपाव्यात, कारण वेतन संहितेखाली थकलेल्या वेतनाचा दावा दाखल करण्याची मुदत तेवढीच आहे.