मुक्या सोबत्याचा निरोप

जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीच्या काठी भडगाव हे तालुक्याचे गाव आहे. भोवताली काळी कसदार जमीन आणि तीत कपाशीची व ज्वारीची शेते. अशा शेतांवर धन्याच्या जोडीला आणखी एक राखणदार असतो. तो म्हणजे कुत्रा. रात्री पिकात रानडुकरे शिरली, की प्रथम तोच भुंकतो. सकाळी मुले शाळेला निघाली, की तो त्यांच्या मागोमाग जातो. संध्याकाळी भाकरीचा तुकडा मिळाला, की त्याचे समाधान होते.

असा सोबती एके दिवशी मरण पावतो. अंगणातील त्याची जागा रिकामी होते. जेवताना हात सवयीने तुकडा बाजूला काढतो, आणि आठवण होताच थबकतो. मुलांना रडू कोसळते. तेव्हा एखादे वडीलधारे माणूस म्हणते, “अरे, कुत्र्यासाठी कुणी रडते का?” मूल डोळे पुसते, पण त्याचे दुःख ओसरत नाही. उलट, त्या दुःखात लाजेची भर पडते.

परंतु अशी लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. मुंबईच्या पोलीस दलात ‘जंजीर’ नावाचा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा होता. स्फोटके हुंगून शोधण्याचे शिक्षण त्याला मिळाले होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोटांची मालिका घडली व २५७ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतरच्या शोधात जंजीरने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके हुडकून काढली. त्यामुळे किती जीव वाचले, याची गणती कोण करणार? पुढे त्याला हाडांचा कर्करोग झाला. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला संपूर्ण सन्मानाने मूठमाती दिली. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याच्या देहावर पुष्पचक्र वाहिले. संकटाला न डगमगणाऱ्या माणसांनाही एका कुत्र्याच्या मृत्यूने गहिवरून आले, यात कमीपणा कोणता?

माणसाचे हे प्रेम आजकालचे नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली एक अतिप्राचीन दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे एक पिल्लू यांचे अवशेष होते. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पिल्लाच्या दातांवरील खुणांवरून तज्ज्ञांनी असे अनुमान काढले, की ते आजारी होते व माणसांनी त्याची शुश्रूषा केली असावी. आपल्या महाभारतातही युधिष्ठिराने बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, अशी कथा आहे.

सोबती गेल्यावर पुष्कळ मुलांच्या मनाला एक टोचणी लागते. ‘आपण त्याला आणखी लवकर पशुवैद्याकडे नेले असते, तर?’ काळजी घ्यावी हे खरेच. परंतु कुत्र्याचे आयुष्यच बहुधा दहा ते तेरा वर्षांचे असते. जंजीरची देखभाल करणारी जाणती माणसे होती. तरी तो वयाच्या आठव्या वर्षी गेला. प्रत्येक मृत्यू कोणाच्या तरी चुकीने येतो, असे नाही.

मग दुःखाचे करावे काय? प्रथम ते बोलून दाखवावे. आईजवळ, आजोबांजवळ किंवा मित्राजवळ त्याच्या खोड्या सांगाव्यात. कुत्र्याचा देह उकिरड्यावर टाकू नये; विहीर व ओढा यांपासून दूर खोल खड्डा खणून तो पुरावा. मोठ्यांनी मुलांनाही हा निरोप घेऊ द्यावा. ‘तो कुठेतरी पळून गेला,’ असे खोटे सांगितले, तर मूल दिवसेंदिवस वाटेकडे डोळे लावून बसते. खड्ड्यावर एखादे कडुनिंबाचे रोप लावले, तर त्याला पाणी घालण्याच्या निमित्ताने मनाला काम मिळते.

दुसरे पिल्लू आणण्याची घाई मात्र करू नये. नवे पिल्लू गेलेल्याची जागा भरून काढण्यासाठी येत नसते. त्याला त्याची स्वतःची जागा हवी असते. मन शांत झाल्यावर ते जरूर आणावे आणि वेळेवर त्याला लस टोचून घ्यावी. तोवर गल्लीतील तहानलेल्या कुत्र्यासाठी दाराशी पाण्याचे भांडे ठेवता येते. हळूहळू रडू कमी होते; त्याचे नाव निघाले, की घरातली माणसे हसूही लागतात. याचा अर्थ ती त्याला विसरली, असा नव्हे.

अभ्यास

१. मुलाच्या दुःखात लाजेची भर का पडते?
२. जंजीरने कोणती कामगिरी केली?
३. ‘तो पळून गेला’ असे मुलांना का सांगू नये?
४. तुमच्या परिचयाच्या एखाद्या मुक्या प्राण्याविषयी दहा ओळी लिहा.