रद्द झालेलं बरं, लांबलेलं वाईट

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारी २०२४ ला, गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं एक विमान रात्री मुंबईत उतरलं. दिल्लीला धुक्याने घेरलं होतं. गोव्यातच तासन्‌तास ताटकळलेले प्रवासी मुंबईत विमानाबाहेर पडले, टर्मिनलकडे नेणाऱ्या बसमध्ये चढायला तयार होईनात आणि तिथेच, विमानाशेजारी जमिनीवर फतकल मारून जेवायला बसले. त्या पंगतीची चित्रफीत देशभर फिरली. दोन-तीन दिवसांत दंडाचे आदेश निघाले. विमान सुरक्षेची जबाबदारी असलेल्या केंद्रीय ब्युरोने इंडिगोला १ कोटी २० लाख आणि मुंबई विमानतळाच्या चालकांना ६० लाख रुपये ठोठावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानतळावर आणखी ३० लाख चढवले. दंड सरकारजमा होतो. पंगतीत बसलेल्यांना त्यातला रुपयाही मिळत नाही.

त्या घटनेवर टीव्हीवर बरीच चर्चा झाली ती प्रवाशांच्या शिस्तीची. खरा प्रश्न वेगळा होता. ते विमान सकाळीच रद्द झालं असतं तर त्यातल्या निम्म्या लोकांनी पणजीत आणखी एक रात्र काढली असती, काहींनी मडगावहून रेल्वे धरली असती, काहींनी पैसे परत घेतले असते. उड्डाण रद्द झालं की प्रवासी मोकळा होतो. लांबलं की तो बांधला जातो. ‘आता एक तास’, मग ‘आणखी दीड तास’, मग ‘वैमानिक वाटेत आहेत’. प्रत्येक नवी वेळ एवढी जवळची वाटते की उठून जायचा धीर होत नाही आणि त्या नादात इतर सगळे मार्ग बंद होत जातात. डीजीसीएलाही हे पटलं असावं. पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्यपद्धती जाहीर केली: उशीर तीन तासांपलीकडे जाईल अशी चिन्हं असतील तर कंपन्यांना उड्डाण पुरेसं आधी रद्द करता येईल.

नाताळ ते संक्रांत हा आपल्याकडचा सुट्ट्यांचा हंगाम आणि उत्तरेतल्या धुक्याचा हंगामही तोच. गोव्यात लख्ख ऊन असताना पाटीवर ‘उशिरा’ का झळकतं, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. कारण साधं आहे. आपलं विमान आपल्यासाठी विमानतळावर उभं नसतं. ते पहाटेपासून फिरत असतं: दिल्ली, पुणे, बंगळुरू, परत दिल्ली, मग गोवा. सकाळी दिल्लीत धुक्यामुळे ते अडीच तास अडकलं की तो उशीर दिवसभर पुढच्या प्रत्येक फेरीच्या डोक्यावर बसतो आणि संध्याकाळी गोव्यात उतरतो. दिल्लीच्या धावपट्टीवर दाट धुक्यात, अगदी ५० मीटरपर्यंतच दिसत असतानाही, उतरायची यंत्रणा आहे. तिला ‘कॅट थ्री’ म्हणतात. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिघेही त्या दर्जाचे लागतात. तिघांतला एक कमी पडला की विमान जयपूरला किंवा आणखी कुठे वळतं. शिवाय उतरायला ५० मीटर पुरले तरी उड्डाणाला साधारण १२५ मीटर दिसावं लागतं. म्हणून विमान येतं, पण निघत नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या कॅट थ्री धावपट्ट्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांना तर धुक्याच्या वेळी कॅट थ्रीचं प्रशिक्षण नसलेले वैमानिक नेमल्याबद्दल प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला.

दुसरं कारण आकाशात दिसत नाही. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. विमान चार तास उशिरा आलं, तर ते चालवायचे त्यांचे तास संपलेले असू शकतात. मग विमान आहे, प्रवासी आहेत, हवा स्वच्छ आहे आणि तरी उड्डाण नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हाच पेच देशभर पडला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरचा. इंडिगोचं वेळापत्रक त्यापुढे टिकलं नाही. ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली, तेव्हा सरकारने दुसऱ्या दिवशी कमाल दर ठरवून दिले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. रेल्वेने गाड्यांना जादा डबे जोडले. लग्नसराईचे दिवस होते. किती हळदी नवरदेवाच्या काका-मामांशिवाय लागल्या असतील, याचा हिशेब कुठल्या सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

प्रस्तुत लेखकानेही नाताळच्या आठवड्यात अशी एक संध्याकाळ गोव्याच्या विमानतळावर काढली आहे. पुण्याचं विमान, पाटीवर आधी तासाभराचा उशीर, मग आणखी. गेटसमोर दोन प्रकारची माणसं होती. एक म्हणजे काउंटरवरच्या पोरीवर आवाज चढवणारी. तिच्या हातात काहीच नव्हतं. स्क्रीनवर जे दिसत होतं तेवढंच तिला ठाऊक होतं आणि ते प्रवाशांच्या फोनवरही दिसत होतं. दुसरा प्रकार म्हणजे कोपऱ्यातलं चार पोरांचं टोळकं. त्यांनी फ्लाइटरडार२४ वर पाहिलं होतं की जे विमान पुण्याला न्यायचं, ते अजून दिल्लीहून हललेलंच नाही. दिल्लीहून अडीच तास, मग साफसफाई, इंधन, सामान. पाटीवरची वेळ अशक्य आहे हे त्यांना पाटीच्या आधी कळलं. त्यांनी पणजीहून रात्रीच्या स्लीपर बसची तिकिटं काढली, काउंटरवर शांतपणे ऑफलोड करून घेतलं आणि निघाले. उरलेल्यांना मध्यरात्रीनंतर सांगण्यात आलं की उड्डाण रद्द. तोवर बसही गेली होती आणि विमानतळाजवळच्या हॉटेलांतल्या खोल्याही.

या पोरांचं चातुर्य तंत्रज्ञानात नव्हतं. आपण कितीपर्यंत थांबायचं हे त्यांनी आधी ठरवलं होतं, एवढंच. गोवा-पुणे किंवा गोवा-मुंबई अशा मार्गावर ही वेळ ठरवणं सोपं असतं, कारण पर्यायाचीही वेळ ठरलेली असते. रात्रीच्या बस संध्याकाळी सुटतात. कोकण रेल्वेचं तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला आणि बाकीच्यांसाठी ११ ला. म्हणजे आजच्या गाडीसाठी आज तत्काळ शोधणं फुकट, उद्याच्या गाडीसाठी मात्र सकाळी दहाच्या ठोक्याला तयार राहायला हवं. मडगाव-मुंबई वंदे भारतचं तिकीट ३१ डिसेंबरच्या आसपास सहज मिळेल अशी आशा धरू नये. गोव्यातून दिल्ली किंवा कोलकात्याला जाणाऱ्याला असा एका रात्रीत पोचवणारा जमिनीवरचा पर्याय नसतो. त्याने थांबायची वेळ लांब ठेवावी आणि भांडायचं असेल तर हॉटेलच्या खोलीसाठी भांडावं.

आता हक्कांचं. डीजीसीएचे नियम वाचायला रूक्ष आहेत, पण त्यातल्या तीन-चार आकड्यांनी काउंटरवरचं बोलणं बदलतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा अधिक लांबलं की खाणंपिणं कंपनीने द्यायचं. त्याहून लांबच्या प्रवासाला ही मर्यादा तीन किंवा चार तासांची. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त लांबणार असेल, तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं एक मागता येतं. उशीर २४ तासांपलीकडे गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर ने-आण कंपनीकडे. ऐनवेळी उड्डाण रद्द झालं, आधी कळवलंही नाही आणि दोष कंपनीचा असेल, तर परताव्याखेरीज नुकसानभरपाई: तासाभरापर्यंतच्या प्रवासाला कमाल ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये, मात्र तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून याहून कमी भरत असेल तर तेवढंच.

आणि धुकं? धुकं, वादळ, हवाई नियंत्रण, संप ही सगळी ‘असाधारण परिस्थिती’. तिथे नुकसानभरपाई नाही, जेवण-हॉटेलची सक्तीही सैल होते. म्हणूनच काउंटरवर विचारण्यासारखा सगळ्यात उपयोगी प्रश्न ‘किती वाजता सुटेल?’ हा नाहीच. ‘उशिराचं कारण काय आणि ते लेखी द्याल का?’ हा आहे. धुक्याने सुरू झालेला उशीर दुपारी वैमानिक नसल्यामुळे वाढला, तर नंतर तक्रारीत तो फरक दाखवता येतो. कंपनीचे मेसेज पुसू नयेत. पाटीचा फोटो वेळेसकट काढावा, पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंतच्या पावत्या जपाव्यात.

एक बाब मात्र घरी, तिकीट काढतानाच बिघडते. आपल्याकडे आई-वडिलांचं तिकीट मुलगा काढतो, भाच्याचं मामा काढतो, सगळ्या ग्रुपचं एजंट काढतो आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश मग अमेरिकेत झोपलेल्या मुलाला किंवा नरीमन पॉइंटच्या ऑफिसला जातो. आई-बाबा मात्र पहाटे तीनला रिक्षा करून विमानतळावर. डीजीसीएच्या नियमांत स्पष्ट आहे की प्रवाशाचा संपर्क कंपनीकडे नसेल तर भरपाई देणं बंधनकारक नाही. तेव्हा तिकीट हातात आल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन स्वतःचा नंबर टाकावा. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाचा परतावा कंपनीचीच जबाबदारी असते, हेही एजंटाच्या ‘दोन महिने लागतील हो’वर उपाय म्हणून ध्यानात असू द्यावं.

गोव्याला दोन विमानतळ आहेत हे अजूनही अनेकांच्या अंगवळणी पडलेलं नाही. दक्षिणेला मुरगाव तालुक्यात नौदलाचं दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, जे जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. पर्यायी विमान स्वीकारताना ते कुठून सुटणार हे विचारलं नाही, तर दाबोळीच्या रांगेत उभं राहून मोप्याचं विमान चुकतं. मुंबईतही आता सांताक्रूझ, सहार यांच्या जोडीला डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आलं आहे. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून न्यूअर्क अशी दोन वेगळी तिकिटं काढणाऱ्यांनी तर विशेष सावध असावं. पहिलं विमान लांबून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही, तिकीट गेलं. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. ते जमत नसेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोचून ठाण्याच्या आत्याकडे मुक्काम करणं हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा विमा आहे.

सुरक्षा तपासणी झाल्यावर विचार बदलला तर सरळ चालत बाहेर पडता येत नाही. कंपनीच्या माणसाला सांगून ऑफलोड व्हावं लागतं, त्याच्यासोबतच बाहेर यावं लागतं आणि चेक-इन केलेली बॅग परत मिळायला वेळ लागतो. तो वेळ बस चुकवण्याइतका असू शकतो. सुट्टीच्या छोट्या प्रवासाला सात किलोंच्या हँडबॅगेत भागत असेल तर भागवावं. भागत नसेल तरी औषधं, इन्सुलिन, चष्मा, लहान मुलाचे एक जोडी कपडे, चार्जर आणि घराची किल्ली विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नये. डिसेंबर २०२५ मध्ये बॅगांचे ढीग टर्मिनलमध्ये पडले होते आणि सरकारला त्या ४८ तासांत घरपोच करण्याचा आदेश द्यावा लागला. डबा मात्र जरूर न्यावा. पोळीभाजीला सुरक्षा तपासणीत कुणी अडवत नाही. चहाच्या भावावरून खासदारांनी संसदेत आवाज उठवल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झालं. पण सगळ्या टर्मिनलांत ते नाही.

युरोपमार्गे फिरणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असला, तर अंतराप्रमाणे ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारी एअर इंडियाही यात येते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारी येत नाही. त्या दिशेला लुफ्तान्सा मात्र येते. कौटुंबिक सहलीच्या चार-पाच तिकिटांना ही रक्कम छोटी नसते, आणि ती मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे ईमेलने करावी, पीएनआर आणि पावत्यांसकट. तिथे दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी साताऱ्याचा प्रवासी साताऱ्यातच दावा दाखल करू शकतो, तोही ऑनलाइन. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.